शेवटलेले लोखंड : वऱ्हाडातील जुन्या हत्यारांची निगा आणि त्यांचा बाजार

अमरावती आणि अकोला या वऱ्हाडातील दोन जिल्ह्यांच्या शेतीचा आणि कारागिरीचा इतिहास पाहताना एक गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावी लागते, ती ही की ‘नवे हत्यार’ आणि ‘जुने हत्यार’ ही आज दुकानात सहज केली जाणारी विभागणी या मुलखात फार उशिरा आली. वखर, डवरा, तिफण, कुऱ्हाड किंवा सुताराचा वाकस यांतले कोणतेही हत्यार एकाच वेळी संपूर्ण नवे नसे. त्याचे लाकूड एका सालचे, लोखंड दुसऱ्या सालचे आणि धारेचे पोलाद त्याहून अलीकडचे असे. दांडा मोडला तर दांडा बदलावा आणि टोक झिजले तर टोक जोडावे, एवढाच व्यवहार होता, आणि तो खरेदीविक्रीपेक्षा निगराणीचा अधिक होता. जुन्या हत्याराला पुन्हा कामास लावण्याची विद्या ही म्हणून वऱ्हाडात हौशी माणसाचा छंद नव्हती. ती गावगाड्याच्या अर्थव्यवस्थेचाच भाग होती.

या व्यवस्थेचे दोन खांब म्हणजे वाढई आणि लोहार. सुताराला वऱ्हाडात वाढई म्हणण्याची चाल आहे, तर लोहाराला काही भागांत खाती असेही म्हणत. दोघेही बलुतेदार, म्हणजे गावकीची ठरीव कामे करून सुगीच्या वेळी शेतकऱ्याकडून धान्याच्या रूपाने वार्षिक मेहनताना घेणारे. वऱ्हाडात हे धान्य प्रामुख्याने ज्वारी असे आणि शेतकऱ्याकडे औते किती, यावर त्याचे माप ठरे. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या ‘गाव-गाडा’ या ग्रंथात बलुत्याच्या या देवघेवीचे आणि तिच्यातील कुरबुरींचे बारकाईने वर्णन केले आहे. या पद्धतीत दुरुस्ती बलुत्यात मोडे, पण नवी गाडी किंवा घराचे काम यांसाठी वेगळी मजुरी द्यावी लागे. शिवाय लाकूड आणि लोखंड शेतकऱ्याचे, आणि पुष्कळदा कोळसाही त्याचाच. इतकेच नव्हे, तर भाता ओढणे आणि घण मारणे ही कष्टाची कामेही काम घेऊन आलेल्या शेतकऱ्यालाच करावी लागत. हत्यार कोठे झिजते, कोणत्या आचेला मऊ पडते आणि कोणत्या पाण्याने ठिसूळ होते, याचे मोघम का होईना पण ज्ञान कुणब्याच्या घरात टिकून राहिले, ते बहुधा या घण मारण्यामुळेच.

लोहाराच्या कामात सर्वांत महत्त्वाचे काम शेवटण्याचे होते. शेवटणे म्हणजे हत्याराचे झिजलेले टोक किंवा धार नव्या पोलादाचा तुकडा जोडून पुन्हा उभी करणे. साध्या लोखंडात कार्बनाचे प्रमाण अगदी अल्प असल्यामुळे ते तापवून पाण्यात बुडवले तरी कठीण होत नाही. पोलादात ते प्रमाण अधिक असल्यामुळे ते कठीण होते, पण पोलाद महाग. म्हणून हत्याराचे अंग लोखंडाचे आणि धार तेवढी पोलादाची, अशी काटकसर जगभरच्या लोहारांनी केली आणि वऱ्हाडानेही केली. कुऱ्हाड शेवटायची असली म्हणजे तिची बोथट धार तापवून छिन्नीने मधोमध फोडत, त्या फटीत पोलादाची पाचर बसवत, वर टाकणखार किंवा बारीक वाळू टाकून दोन्ही धातू पांढरे पडून ठिणग्या उडू लागेपर्यंत तापवत आणि ऐरणीवर भराभर ठोके देऊन एकजीव करत. टाकणखार वितळून लोखंडावरची पापडी वाहून नेतो आणि उघडे पडलेले दोन धातू एकमेकांना धरतात. हे काम काही क्षणांत उरकावे लागते, कारण रंग उतरला की जोड धरत नाही.

त्यानंतर पाणी देण्याची पाळी येई. धार जास्वंदीसारखी लाल झाली की ती पाण्यात बुडवायची, पण एवढ्यावर थांबले तर धार काचेसारखी तडकते. म्हणून अंगात उरलेली उष्णता धारेकडे हळूहळू परतू द्यायची आणि घासून चकचकीत केलेल्या पट्टीवर उमटणारे रंग पाहत राहायचे. प्रथम कडब्यासारखा फिकट पिवळा रंग येतो (सुमारे २२० ते २३० अंश सेल्सिअस), मग तपकिरी, मग वांगी, आणि ३०० अंशांच्या सुमारास निळा. रंध्याच्या पात्याला पिवळ्या रंगावर पुन्हा बुडवतात, लाकडावर आदळणाऱ्या कुऱ्हाडीला वांग्या-निळ्याच्या दरम्यान. उष्णतामापक नसताना हा सारा हिशेब डोळ्यांनी होई, आणि म्हणूनच लोहाराची भट्टी सावलीत, अंधाऱ्या आडोशाला असे. भर उन्हात लाल रंगाची परीक्षा होत नाही.

बैलगाडीच्या चाकाची धाव, म्हणजे चाकाभोवतीचा लोखंडी कडा, हे काम वाढई आणि लोहार दोघांचे. वऱ्हाडच्या उन्हाळ्यात लाकूड आकसते आणि धाव सैल पडते. तात्पुरता उपाय म्हणून चाके नाल्याच्या डोहात बुडवून ठेवत, म्हणजे लाकूड फुगे. कायमचा उपाय करायचा तर धाव कापून थोडी आखूड करावी लागे, पुन्हा जोडून गोवऱ्यांच्या वर्तुळाकार आरात तापवावी लागे आणि चाकावर चढवून वर पाणी ओतावे लागे. साडेचार मीटर परिघाची धाव ४०० अंशांनी तापली तर सुमारे दोन सेंटीमीटरने लांबते, आणि तेवढ्याच अंतराचा आवळा निवताना चाकाला बसतो. आरे, पुठ्ठे आणि तुंबा यांना एकत्र धरणारा खिळा असा दुसरा नाही.

झिजलेल्या लोखंडाचा प्रवास मात्र तेथेच संपत नसे. वखराची पास, म्हणजे जानोळी नावाच्या दोन लाकडी दांड्यांत अडकवलेली आडवी पाती, घासून अरुंद झाली की ती डवऱ्याला लागे, डवऱ्याच्याही कामाची राहिली नाही की तिचे खुरपे होई. हे लोखंड मुळात फार नव्हतेच. निजामाने १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले, १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकेच्या यादवी युद्धामुळे इथल्या कापसाला अपूर्व भाव आला आणि १८६७ साली मुंबईहून येणारा लोहमार्ग अकोला, बडनेरा मार्गे नागपूरला पोहोचला, तेव्हा कुठे विलायती लोखंडाच्या पट्ट्या आणि कानशी या मुलखात मुबलक येऊ लागल्या. आज वाशीम जिल्ह्यात असलेल्या कारंजा येथे १८८६ साली कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला. देशातील अशा बाजारांत तो पहिला मानला जातो. रुईच्या पैशाने लोखंड विकत घेता येऊ लागले, पण जुने फेकून देण्याची बुद्धी त्यामुळे आली नाही. उलट भंगाराचा एक नवा झरा फुटला. बोथट कानशीची पटाशी, पुढे ट्रक आले तेव्हा कमानपट्ट्याचे विळे, असे रूपांतर लोहार करू लागले. कारण कानस आणि कमानपट्टा ही दोन्ही मुळातच पोलादाची, म्हणून त्यांना शेवटण्याची गरज नाही, नुसते घडवून पाणी दिले की झाले. गाढवांवर किंवा गाडीवर भाता लादून गावोगाव हिंडणारे घिसाडी या विद्येत विशेष तरबेज होते.

हत्यारे साठवण्याच्या बाबतीत वऱ्हाडची अडचण इतरांहून वेगळी होती. पूर्णा नदीच्या दोन्ही बाजूंस अकोला, अमरावती आणि बुलडाणा या जिल्ह्यांत पसरलेला खारपाणपट्टा, म्हणजे ज्याच्या भूगर्भातील पाणी आणि जमीन क्षारयुक्त आहे असा पट्टा, लोखंडाचा वैरी आहे. काळी चिकण माती हत्याराला चिकटून राहते, ओल धरून ठेवते आणि तिच्यातील क्षार गंज वाढवतात. म्हणून काम संपल्यावर पास आणि फाळ कोरड्या कडब्याच्या चुड्याने पुसण्याची रीत पडली. धाब्याच्या घरात, म्हणजे मातीच्या सपाट छपराच्या घरात, हत्यारे भुईवर न ठेवता खुंटीला किंवा माळ्यावर ठेवत. चुलीच्या धुराच्या वाटेत टांगलेल्या जुवाला आणि रुमण्याला कीड लागत नसे. बारीक हत्यारे कोरड्या राखेत पुरून ठेवत, कारण राख ओल शोषते आणि तिचा गुण खाराचा असल्याने गंजाला आळा घालते. मात्र तीच राख भिजली तर उलटा परिणाम होतो, हे ध्यानात ठेवावे लागते. तेलांतही भेद होता. जवस वऱ्हाडात पिके आणि त्याचे तेल हवेत सुकून पातळ पापुद्रा धरते, म्हणून लाकडी दांड्याला आणि दीर्घकाळ ठेवायच्या लोखंडाला तेच योग्य. तिळाचे किंवा शेंगदाण्याचे तेल चिकट राहून धूळ गोळा करते. एरंडेल भात्याच्या कातड्याला आणि गाडीच्या आसाला. गंज काढायला आंबट ताक किंवा चिंचेचे पाणी, मग विटकरीची पूड आणि शेवटी आम्ल मारण्यासाठी राखेचे पाणी, असा क्रम होता. यातला शेवटचा टप्पा टाळला की दोन दिवसांत लोखंड पुन्हा लाल होते, आणि पुष्कळांचा ताकावरचा विश्वास उडतो तो याच कारणाने. रॉकेल एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आले आणि अडकलेले खिळे-चाक्या सोडवण्याचे काम त्याने पत्करले.

या निगराणीला वर्षातून एकदा धर्माची सक्ती होती. खांडेनवमीला, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी, शस्त्रांबरोबर अवजारांची पूजा करायची, तर ती आधी घासूनपुसून काढावी लागत. पावसाळा नुकताच ओसरलेला असताना ही पूजा यावी, हा योग लोखंडाच्या दृष्टीने अचूक आहे.

या सगळ्या विद्येला खरा धक्का बिडाने दिला. बीड म्हणजे साच्यात ओतलेले लोखंड. त्यात कार्बन इतका जास्त असतो की ते घणाखाली चेपत नाही, फुटते, आणि लोहाराच्या भट्टीत त्याचा जोड लागत नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी विसाव्या शतकाच्या आरंभी बेळगावात आणि १९१० पासून किर्लोस्करवाडीत लोखंडी नांगर बनवले. त्यांचा बिडाचा फाळ शेवटता येत नसे, तो झिजला की काढून दुसरा विकत आणावा लागे. सुटा भाग ही कल्पना वऱ्हाडच्या शेतात आली ती अशी. जिनांमध्येही, म्हणजे सरकी काढण्याच्या यंत्रांतही, हेच घडले. सरकीपासून रुई वेगळी करणारा घरगुती रेचा वाढई दुरुस्त करी. पण १८४० साली अमेरिकेत फोन्स मॅकार्थी याने शोधलेल्या पद्धतीची रुळाची यंत्रे आली तेव्हा बिडाचा सांगाडा, पोलादी सुरी आणि कातडी रूळ यांची निगा वेगवेगळ्या हातांत गेली. रुळावरचे खाचे गुळगुळीत झाले की ते पुन्हा पाडावे लागतात, रुळाचा व्यास कमी होत जातो तसे सुरीचे अंतर जुळवावे लागते. जुने जिन विकत घेणारा जाणता माणूस म्हणून रुळाकडे आधी पाहतच नाही, कारण रूळ बदलायचाच असतो. तो सांगाड्याला तडा आहे का हे पाहतो. मुर्तिजापूरवरून जाणाऱ्या शकुंतला रेल्वेचे १९२१ साली मँचेस्टरला बनलेले वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत गाडी ओढत राहिले. तेव्हा यंत्रयुगाने निगराणी संपवली असे म्हणणेही एकांगी ठरेल. निगराणी गावाच्या भट्टीतून कारखान्याच्या आवारात गेली, एवढेच.

जुने हत्यार विकत घेण्याची ठिकाणे आठवडी बाजार, अचलपूरपलीकडच्या बहिरमसारख्या पौषातल्या यात्रा आणि अलीकडे भंगाराची दुकाने. तेथे पारख करण्याच्या खुणा साध्या आहेत, पण त्यांची कारणे ठाऊक असली पाहिजेत. कुऱ्हाड दोरीला टांगून ठोकली तर अखंड पोलाद लांबवर घुमते आणि भेग असेल तर थप्प आवाज येतो. धारेवर कानस फिरवावी. कानस घसरली तर पाणी शाबूत आहे, खोल रुतली तर हत्यार केव्हातरी आगीत सापडून मऊ पडलेले आहे. मऊ पडलेल्याला पुन्हा पाणी देता येते, म्हणून तो दोष भाव पाडून घेण्यापुरता. करवत कमानीसारखी वाकवून सोडावी. सरळ झाली नाही तर ती घेऊ नये, कारण पात्याचा तो गुण गावच्या भट्टीत परत आणता येत नाही. ऐरणीवर लहान हातोडा अलगद सोडावा आणि तो किती उसळतो ते पाहावे. वरवरचा तांबूस गंज घासून जातो, पण धारेजवळ खोल खड्डे पडले असतील तर धार लावताना ते पुन्हा पुन्हा उघडे पडतात. दांड्याचा विचार अजिबात करू नये. बाभूळ, तिवस किंवा धावडा यांचा दांडा पुन्हा बसवता येतो, आणि रंगवलेला नवा दांडा बहुधा आतली सैल पाचर लपवण्यासाठीच असतो.

हत्याराचे हे मोल कायद्यानेही ओळखले होते. डिक्रीच्या जप्तीतून कारागिराची हत्यारे आणि शेतकऱ्याची अवजारे वगळण्याची तरतूद १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० मध्ये आहे, आणि ती आजही लागू आहे. भंगाराच्या काट्याला मात्र असे कलम नाही. तिथे शेवटलेली कुऱ्हाड आणि पत्र्याचा तुकडा एकाच भावाने जातात. अकोला-अमरावतीकडच्या जुन्या घरांच्या माळ्यांवर वाकस, पटाश्या, कानशी आणि वखराच्या पासी अजून पडून आहेत. ज्यांच्याकडे त्या असतील त्यांनी विकण्यापूर्वी धारेवर एकदा कानस फिरवून पाहावी, आणि जवळपास भाता चालवणारा लोहार अजून असेल तर त्याला दाखवून घ्याव्यात.