वेळासच्या माहेरवाशिणी

वेळासचे नाव निघाले की मराठी माणसाला नाना फडणीस आठवतात. बाणकोटच्या खाडीजवळचे, रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकाचे हे गाव भानूंचे. पलीकडच्या श्रीवर्धनचे बाळाजी विश्वनाथ भट देशावर निघाले तेव्हा भानू मंडळीही त्यांच्याबरोबर गेली, आणि त्या स्नेहातून पुढे फडणिशी आली. नानांचा जन्म मात्र १७४२ साली साताऱ्यास झाला. त्याने गावाचा अभिमान तसूभरही उणावत नाही, हा भाग वेगळा.

परंतु भानूंच्याही आधीपासून या पुळणीवर येणाऱ्या काही माहेरवाशिणी आहेत. त्यांची बखर कोणी लिहिली नाही. ऑलिव्ह रिडले जातीची ही समुद्रकासवे. नर जन्मल्यावर एकदा पाण्यात शिरला की बहुधा पुन्हा जमिनीवर येत नाही. मादी तेवढी थंडीच्या रात्री वर येते, हातभर खोल खड्डा करते, शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू सारखी करते आणि परतते. पिलांचे तोंड ती पाहत नाही.

माझे आजोळ याच किनाऱ्याला, थोडे दक्षिणेस. पहाटे पुळणीवर मादीचा माग उमटलेला दिसे. आम्ही पोरे काठीने वाळू टोचत जात असू. काठीला ओल लागली की उकरायचे. मामी ती अंडी उकडत असे. कासवाचे अंडे कितीही उकडा, त्यातला पांढरा भाग घट्ट होतच नाही. त्याची आम्हांला भारी गंमत वाटे. पाप वगैरे शब्द कोणाच्या मनातही नव्हता. आम्ही ठेवू ते कोल्ह्या-कुत्र्यांचे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली समुद्रकासवांना अभय मिळाले खरे. पण कायदा काही रात्री पुळणीवर जागत नाही.

जागली ती माणसे. २००२ साली चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्गमित्र' संस्थेचे भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी समुद्रगरुडाची घरटी शोधत वेळासला आले. तेथे त्यांना वाळूत अंड्यांची टरफले दिसली. त्यांनी गावकऱ्यांनाच हाताशी धरले. मला यातले मर्म हेच वाटते. ज्या किनाऱ्याच्या माणसांना माग काढता येतो, त्यांच्याहून चांगले राखणदार कोठून आणणार?

राखणीची रीत साधी, पण नाजूक. पहाटे माग काढून घरटे शोधायचे. अंडी काही तासांच्या आत, उलटीपालटी न होऊ देता, कुंपण घातलेल्या जागेत तेवढ्याच खोल खड्ड्यात ठेवायची. उशीर झाला किंवा अंडे फिरले, तर आतला जीव जातो. सुमारे पन्नास दिवसांनी पिले वर येतात. वाळू अधिक तापली तर माद्या अधिक, कमी तापली तर नर अधिक. म्हणजे संसाराचा तोल उन्हाच्या हाती! उन्हाळे असेच चढत गेले तर या तोलाचे काय होईल, ही चिंता जाणत्यांना आहे.

२००६ पासून गावात कासव महोत्सव भरू लागला. पाहुणे घराघरांत उतरतात, उकडीचे मोदक खातात, चार पैसे गावात राहतात.

गेल्या फाल्गुनात मीही नातीला घेऊन गेलो. २०२२ च्या जानेवारीत येथल्याच एका मादीच्या पाठीवर उपग्रहाला खूण देणारे यंत्र बसवून तिचे नाव 'प्रथमा' ठेवले होते, हे मी तिला मोठ्या ऐटीत सांगितले. ओडिशात २०२१ साली बिल्ला लावलेली मादी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडली, तेही सांगितले. अंडी खाल्ल्याची गोष्ट मात्र ओघात तोंडून गेली.

"आबा, तुम्ही किती खाल्लीत?" तिने विचारले.

मी मनात मोजू लागलो आणि मध्येच थांबलो.

सकाळी कुंपणातल्या टोपल्या एकेक करून उचलल्या. खाली काही नव्हते. "संध्याकाळी या, आजोबा," राखणदार म्हणाला, "एका खड्ड्याची वाळू खचलीय." आम्ही घरी गेलोच नाही. सुरूंच्या सावलीत बसून राहिलो. ऊन उतरल्यावर त्याने टोपली उचलली, तेव्हा वाळूतून एक काळे डोके वर आले होते, आणि त्याच्या शेजारी दुसरे.