रान आमचं, पाणी त्याचं

१९७२ च्या दुष्काळात मी दहा-बारा वर्षांचा होतो. आमचा पुरंदर तालुका पर्जन्यछायेतला. ढग येतात आणि पुढं जातात. बारा एकरांचे धनी असूनही आण्णा दुष्काळी कामावर खडी फोडायला गेले. तिथली सुकडी आम्ही पोरं खिशात घालून खायचो. चव वाईट नव्हती.

त्याच दुष्काळात पुण्याचे इंजिनिअर-कारखानदार विलासराव साळुंखे आमच्या भागात फिरले. खडी फोडून हे साल निघंल, पुढच्या दुष्काळाचं काय, हा त्यांचा प्रश्न. नायगावात त्यांनी देवस्थानची चाळीस एकर उजाड जमीन कराराने घेतली. उतारावर समपातळीत बांध घातले, खाली पाझर तलाव, त्याखाली विहीर, आणि विहिरीचं पाणी उचलून वर रानाला. इथवर कुणाची तक्रार नव्हती. बांधाला कोण नको म्हणतंय?

घोडं अडलं ते वाटपाशी. पाणी पंचायतीचा नियम असा, की माणशी अर्ध्या एकराचं पाणी, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचं. ऊस लावायचा नाही. भूमिहीनालाही वाटा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाही.

आमच्या वाडीत तशी योजना झाली तेव्हा आण्णा भडकले. "मला अडीच एकरांचं आन् माझ्या सालगड्याला दोन एकरांचं? त्यो काय डोक्यावर पिकवणार हाये?" गड्याच्या घरात चार माणसं, रान गुंठाभर नाही. तरी हिस्सा भरायला त्यानं शेळ्या विकल्या होत्या.

दोन वर्षं आमचं साडेनऊ एकर कोरडं आणि त्याचा हक्क कागदावर. शेवटी आण्णाच त्याच्या दारात गेले. दोन एकर निम्म्या वाट्यानं ठरलं. पहिल्या रब्बीला ज्वारीची रास झाली, तेव्हा माप गड्याच्या हातात आणि आण्णा पोतं धरून उभे. आईला ते बघवलं नाही.

पुढं कारभार माझ्याकडं आला. १९९० नंतर वाडीत बोअरची गाडी आली, पहिलं बोअर मीच घेतलं. पंचायतीचा नियम विहिरीला. बोअर माझ्या रानात, माझ्या पैशाचं. गड्याला सांगितलं, आता तुझ्या पाण्याची गरज नाही. ऊस लावला. माझं बघून आणखी चौघांनी बोअर घेतलं. तिसऱ्या उन्हाळ्यात योजनेच्या विहिरीचा तळ दिसला, पुढच्या साली माझ्या बोअरमधनं नुसती हवा. मी पावसाला बोल लावत राहिलो. बांधांनी मुरवलेलं तेच पाणी आम्ही खालून ओढत होतो. हे शाळेत शिकवलं नव्हतं म्हणावं, तर तेही खरं नाही.

गडी आता नाही. त्याचा मुलगा पुण्यात रिक्षा चालवतो. गेल्या दिवाळीला भेटला, तेव्हा म्हणाला, "नाना, बाच्या पाणीपट्टीच्या पावत्या अजून ट्रंकेत हायेत. समद्या."