जुन्या कोकणी घराची डागडुजी

रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि रायगड जिल्ह्यांतील अनेक जुनी घरे वर्षातून दोनदाच उघडतात: गणपतीत आणि शिमग्याला. मालक मुंबई-पुण्यात, घर मात्र वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस अंगावर घेत उभे असते. ३ जून २०२० रोजी श्रीवर्धननजीक किनाऱ्यावर धडकलेल्या 'निसर्ग' चक्रीवादळात अशा असंख्य घरांची कौले उडाली. त्यांतील काहींवर पत्रे चढले, तर काही पाडून तेथे स्लॅब पडला. घर दुरुस्त करायचे पण त्याचे मूळ रूप घालवायचे नाही, असे ठरविणाऱ्यांनी प्रथम ते कसे बांधले आहे हे समजून घेणे आवश्यक ठरते.

या घरांच्या भिंती बहुधा जांभ्या दगडाच्या चिऱ्यांच्या. खाणीतून काढताना मऊ असणारा हा दगड हवेत उघडा राहिला की टणक होतो. परंतु तो सच्छिद्र असल्याने पाणी शोषतो. जुन्या गवंड्यांनी चिरे मातीत किंवा चुन्यात बसविले आणि वर चुन्याचाच गिलावा केला. चुना भिंतीतील ओल बाहेर सोडतो. दुरुस्तीतील सर्वांत महाग पडणारी चूक येथेच होते. भिंत 'पक्की' करण्यासाठी सिमेंटचा गिलावा चढविला जातो, त्यावर तैलरंग लागतो आणि जमिनीतून चढलेल्या ओलीचा मार्ग खुंटतो. दोन-तीन पावसाळ्यांत गिलाव्याला पोपडे येतात. त्याहून वाईट म्हणजे भिंतीत रुतलेली तुळयांची टोके आतल्या आत कुजू लागतात, आणि हे बाहेरून दिसत नाही. सारवलेली जमीन उखडून तेथे गुळगुळीत फरश्या बसविल्या, तरी तीच ओल भिंतींकडे वळते. म्हणून गिलावा उकलला असेल तर तो पुन्हा चुन्याचाच करावा. चुना मुरायला वेळ लागतो, पहिले काही दिवस तो ओलसर ठेवावा लागतो. घाईच्या कंत्राटात हे बसत नाही.

छपराची कथा वेगळी. पूर्वी गवताची किंवा नळ्यांची छपरे असत. नळे दरवर्षी मृगापूर्वी चाळावे लागत. १८६५मध्ये बासेल मिशनने मंगळूर येथे कौलांचा कारखाना सुरू केला आणि पुढे मंगलोरी कौले कोकणात रुळली. कौलाच्या पाठीवर १८६५ हा आकडा उमटलेला दिसला म्हणजे घर तेव्हाचे, असा समज करून घेऊ नये. ते कारखान्याच्या स्थापनेचे वर्ष असते. छप्पर उतरविताना धड कौले वेगळी रचून ठेवावीत. नवी आणि जुनी कौले मापात क्वचितच जुळतात. त्यामुळे जुनी एका पाख्यावर आणि नवी दुसऱ्यावर घालणे सोयीचे. वासे, रीपा आणि आढे काढण्यापूर्वी प्रत्येक लाकडावर क्रमांक घालावा. फणस, साग वा किंजळ यांचे लाकूड एका टोकाला कुजले म्हणून सारे फेकू नये. जाणता सुतार तेवढाच भाग कापून नवे लाकूड सांध्याने जोडतो. वाळवी जोत्यातून वर चढते, तेव्हा औषध केवळ लाकडाला नव्हे, जोत्यालगतच्या मातीलाही द्यावे लागते. काजूच्या टरफलांचे तेल लाकडाला लावण्याची जुनी रीत आजही उपयोगी आहे. मात्र ते कातडी भाजते, हातमोजे हवेत.

सोयी हव्यातच. न्हाणीघर आणि शौचालय माजघरालगत कोंबण्यापेक्षा मागील पडवीत किंवा परसात स्वतंत्र जोत्यावर बांधले तर पाण्याची ओल मूळ भिंतींपासून दूर राहते. ओटी, माजघर, देवघर, पडवी ही मांडणी मोडू नये. ओटी बंद करून दिवाणखाना केला, की वाऱ्याची वाट अडते आणि मग पंखे कमी पडतात. एरवी खिडक्यांचे गज, कोनाडे, दारांच्या कड्या या गोष्टी फारशा खर्चाविना टिकतात. मालगुंडला जपलेले केशवसुतांचे जन्मघर पाहिले तर साध्या घराचीही मूळ मांडणी किती बोलकी असते, हे ध्यानात येते.

पुष्कळदा काम अडते ते दगड-लाकडावर नव्हे, कागदावर. ग्रामपंचायतीच्या नमुना ८मध्ये आजोबांचे नाव, आणि हिस्सेदार तीन शहरांत. एकाने पदरच्या पैशाने छप्पर बदलावे आणि दुसऱ्याने पुढे वाटणी मागावी, असे प्रसंग कमी नाहीत. सर्व सहहिस्सेदारांची लेखी संमती आणि खर्चाचा वाटा कामापूर्वीच ठरलेला बरा.

शक्य असल्यास एक पावसाळा त्या घरात राहून काढावा. कोठे गळते, कोणत्या भिंतीवर झड येते, पागोळ्यांचे पाणी कोठे साचते याची टिपणे करावीत. दिवाळीनंतर काम सुरू केल्यास मृगापूर्वी छप्पर झाकून होते.