वस्तीची वही

माझ्यासमोर एक शंभर पानी वही आहे. पुठ्ठ्याचा कोपरा उंदराने कुरतडलेला. आतली पाने तीन-चार जणांच्या अक्षरांत भरलेली. 'हातपंप बंद, आज चौथा दिवस.' 'वरच्या आळीची मोरी आपल्या बोळात तुंबली.' 'खांबावरचा दिवा नाही. बाया अंधारात बाहेर जातात.' 'रात्री मोटारसायकलवरून जातीची शिवी. कोण ते दोघांनी पाहिले.' मी शाळामास्तर होतो. निवृत्त झाल्यावर वस्तीतल्या पोरांना सोबत घेऊन ही वही सुरू केली.

सिद्धेश्वर धरणाच्या अंगाने ज्या अनेक वस्त्या पसरल्या आहेत, त्यांतली आमची एक. गावाचे नाव मुद्दाम देत नाही. आपापल्या गावाचे नाव तिथे घातले तरी मजकूर बदलणार नाही.

गावातल्या एका शिकलेल्या गृहस्थांनी ही वही चाळली आणि मला म्हणाले, "मास्तर, मोरी आणि दिवे कसले लिहिता? लिहायचाच तर आपल्या भागाचा इतिहास लिहा. औंढ्याचे देऊळ आहे, नर्सीचे नामदेव आहेत." त्यांना त्या दिवशी मी उत्तर दिले नाही. हा लेख हेच माझे उत्तर आहे. राखण कोणी केली आणि राखले कोण गेले, झाडले कोणी आणि स्वच्छ कोणाचे अंगण झाले, हाच आपल्या भागाचा इतिहास आहे.

माझा बाप येसकर होता. गावाच्या वेशीत काठी घेऊन उभे राहायचे, आल्यागेल्यावर नजर ठेवायची, पाटील-पटवाऱ्याचा सांगावा आणि मयतीचा निरोप परगावी पोचवायचा, चावडी झाडायची, मेलेले ढोर ओढून न्यायचे. आणि संध्याकाळी दारोदार उभे राहून येसकरीची भाकर मागायची. चोरी झाली तर माग काढायचा तो अशाच राखणदारांनी, आणि माग लागला नाही तर संशयही त्यांच्यावरच. मांग समाजाने दोर वळला, केरसुणी बांधली. दिवाळीच्या लक्ष्मीपूजनाला त्या केरसुणीला हळदकुंकू मिळाले. ती बांधणारे हात मात्र उंबऱ्याच्या बाहेर राहिले. त्रिंबक नारायण आत्रे यांचा 'गावगाडा' १९१५ साली आला. त्यात ही सारी व्यवस्था बारकाईने मांडलेली आहे. पण त्या गाड्याच्या चाकाखाली बसून तो गाडा कसा दिसतो, हे लिहायला आपल्यातला माणूस अजून लिहिता व्हायचा होता.

म्हणजे सुरक्षितता आणि स्वच्छता हे शब्द आपल्याला नवे नाहीत. पिढ्यान् पिढ्या ही दोन्ही कामे आपलीच होती. फक्त ती आपल्यासाठी नव्हती. रात्रभर वेशीत जागणाऱ्याचे स्वतःचे घर वेशीबाहेर, उघड्यावर. गावाची घाण उचलणाऱ्याची वस्ती उताराला, जिथे गावाची मोरी येऊन थांबते तिथे.

त्या गृहस्थांनी नामदेवांचे नाव घेतले म्हणून सांगतो. नामदेव कीर्तनाला उभे राहिले, पुजाऱ्यांनी त्यांना देवळामागे जायला सांगितले, तेव्हा औंढ्याचे देऊळच फिरले, अशी आख्यायिका आपल्याकडे घरोघर सांगतात. पण त्याच नामदेवांच्या आयुष्यातली दुसरी गोष्ट कोणी तेवढ्या आवडीने सांगत नाही. चोखामेळा मंगळवेढ्याला गावकुसाच्या कामावर होते. कूस कोसळले आणि त्याखाली ते आणि त्यांच्यासोबतचे मजूर गाडले गेले. परंपरा हे साल १३३८ मानते. नामदेवांनी जाऊन त्यांच्या अस्थी गोळा केल्या आणि पंढरपूरला महाद्वारी समाधी बांधली. मित्रहो, गावकूस म्हणजे गावाची सुरक्षा. ज्याला त्या कुसाच्या आत राहण्याचा अधिकार नव्हता, त्याच्याच अंगावर ते कोसळले. मेल्यावरही समाधी मिळाली ती देवळाच्या दाराबाहेर. देऊळ फिरले असेल. वस्ती मात्र जागची हलली नाही.

आता स्वच्छतेचे पाहू. १९२३ साली बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात संमत झाला. १९२४ साली महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले केले. पण पाण्याला हात लावायला २० मार्च १९२७ हा दिवस उजाडावा लागला. बाबासाहेब आपल्या हजारो माणसांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. पुढे काय झाले? मारहाण झाली, आणि नंतर १०८ घागरी पाणी उपसून, शेण, गोमूत्र, दूध, दही तळ्यात ओतून ते 'शुद्ध' करण्यात आले. जनावरे त्या तळ्यावर पीत होती तेव्हा ते बाटले नव्हते. इथे एक गोष्ट कायमची उघडी पडली. या समाजात स्वच्छता आणि शुद्धता या दोन वेगळ्या वस्तू आहेत. स्वच्छता झाडूने होते. शुद्धता माणूस दूर ठेवून होते. ज्याच्या हातात झाडू दिला, त्यालाच अशुद्ध ठरवले. तळ्याचा खटला हायकोर्टात निकाली निघाला तो १९३७ साली, आपल्या बाजूने.

महाडलाच बाबासाहेबांनी आपल्या माणसांना मेलेल्या जनावराचे मांस सोडा, शिळे तुकडे मागणे सोडा, असे बजावले होते. त्या काळी आमचा मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. वारे उशिरा पोचले, पण पोचले. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर ते घरात शिरले. धर्मांतराला दोन-तीन वर्षे झाली असतील. गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्याचा बैल मेला आणि वस्तीने तो ओढायला नकार दिला. मी तेव्हा लहान होतो. हे सारे आईच्या तोंडून ऐकले. वस्तीला मजुरी बंद, पिठाची गिरणी बंद, शेतातून जाणारी वाट बंद. आई सांगे, आठ दिवस जात्यावर दळले, तेही उसनवार आणलेले. बैल दोन दिवस तसाच पडून होता. तिसऱ्या दिवशी वास सहन होईना, तेव्हा मालकाने स्वतःच सालगड्यांकडून गाडीला बांधून तो ओढून नेला. बापाने काठी चावडीत ठेवली ती पुन्हा उचलली नाही. गाव म्हणाले, यांनी गाव घाण केले. मला वाटते, त्या दिवशी गावाला पहिल्यांदा कळले की आपली घाण आपली असते.

या नकाराची किंमत सगळीकडे मोजावी लागली. १९७२ साली आमच्याच तेव्हाच्या परभणी जिल्ह्यात, ब्राह्मणगावला, पाण्यावरून दोन बौद्ध स्त्रियांची विटंबना झाली. बावड्याचा बहिष्कार त्याच वर्षीचा, आणि दलित पँथर उभी राहिली तीही त्याच वर्षी. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि मराठवाड्यातल्या वस्त्या पेटल्या. नांदेड जिल्ह्यात पोचीराम कांबळे मारले गेले. मी तेव्हा नवा शिक्षक होतो. आमच्या वस्तीत त्या दिवसांत माणसे आळीपाळीने रात्री जागली. माझा बाप म्हातारा झाला होता, तरी बाहेर येऊन बसला. म्हणाला, "सारी उमर गावासाठी जागलो. आता पहिल्यांदा आपल्यासाठी जागतोय." राखण या शब्दाचा अर्थ मला त्या रात्री समजला. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला, तेव्हा तो हयात नव्हता.

आता वहीकडे येतो. गावाची दप्तरे नेहमीच होती: पाटलाचे, पटवाऱ्याचे, चावडीचे. त्यांत आपण होतो ते कामाच्या आणि दंडाच्या रकान्यात. आपल्या बाजूने लिहिणे सुरू झाले ते फार उशिरा. शिवराम जानबा कांबळे यांनी १९०८ साली 'सोमवंशीय मित्र' काढले. ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' आणि ३ एप्रिल १९२७ ला 'बहिष्कृत भारत' निघाले. कुठल्या गावी पाणवठा अडवला, कुठे बहिष्कार पडला, ही गाऱ्हाणी छापील पानावर आली. एका वस्तीचे दुःख दुसऱ्या वस्तीला कळले आणि त्यातून चळवळ झाली. आमची शंभर पानी वही त्याच घरातली, फार धाकटी.

आमच्या वस्तीतून सिद्धेश्वरचे पाणी दिसते. पूर्णेवर वर येलदरी, खाली सिद्धेश्वर. १९६८ च्या सुमाराला हा प्रकल्प उभा राहिला. कॅनॉलने पाणी वसमत, परभणी, नांदेडकडे गेले. हिंगोली शहरही हेच पाणी पिते. शेती भिजली, याचा आनंद आहे. पण ज्याच्याजवळ जमीन, त्याच्याच दारात कॅनॉल पोचला. वहीत 'हातपंप बंद' ही नोंद ज्या पानावर आहे, त्या दिवशी धरण भरलेले होते.

मधल्या काळात मोहिमा पुष्कळ आल्या. गाडगेबाबांच्या नावाचे ग्रामस्वच्छता अभियान आले, २००७ साली तंटामुक्ती आली, २०१४ साली स्वच्छ भारत आले. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावे काढून टाकायचा निर्णय घेतला. ही चांगलीच गोष्ट झाली. पण पाटी बदलल्याने मोरीचा उतार बदलत नाही.

एका ग्रामसभेत आम्ही ही वही वाचून दाखवली. उत्तर आले, "तपासणी जवळ आली आहे. तुमच्या पोरांनी श्रमदान करून ती मोरी काढावी." क्षणभर कोणी बोलले नाही. मग आमच्यातली एक म्हातारी उभी राहिली. म्हणाली, "मोरी वरून येती, तर फावडं बी वरून येऊ द्या." सभेत हशा झाला, पण नंतर शांतता पसरली. त्या दिवशी ठराव लिहिला गेला. मोरी अजून अर्धीच बांधून झाली आहे, हेही वहीत आहे.

ही म्हातारी निरक्षर आहे. पण १९२७ पासून आपली चळवळ जे मागत आली, ते तिने एका वाक्यात मागितले. आमच्या वस्तीतला एक पोरगा शहरात ठेकेदाराकडे गटारे उपसतो. गटारात मरणाऱ्यांच्या वारसांना दहा लाख द्या असे सुप्रीम कोर्टाने २०१४ साली सांगितले, आणि २०२३ साली ही रक्कम तीस लाख केली. मेल्यावरची किंमत वाढली. जिवंतपणी त्याला खाली उतरवणारा हात कोणाचा, हा प्रश्न तसाच आहे. गाव सोडले तरी झाडू मागे मागे येतो.

म्हणून कार्यकर्त्यांना, विद्यार्थ्यांना आणि माझ्या शिक्षक बांधवांना एकच सांगणे आहे. आपापल्या वस्तीची वही ठेवा. तारीख घाला, वार घाला, काय घडले ते साध्या शब्दांत लिहा. बायकांना आधी विचारा. पाणी, अंधार आणि वाट त्यांना जास्त ठाऊक असते. ती वही ग्रामसभेत वाचा आणि इतिवृत्तात नोंद करायला लावा. जे लिहिले जात नाही, ते घडलेच नाही असे म्हणायला लोक टपलेले असतात.

काल रात्री शेवटची नोंद पोरांनी केली आहे: 'खांबावर दिवा लागला.' त्याखाली मी लिहिले, 'आठ दिवसांनी पुन्हा पाहणे.'