खरवडलेले नाव

आंतरजालावरील लिलावांत जुन्या लष्करी सुऱ्यांचा बाजार काही काळ न्याहाळला, की ध्यानात येते : तेथे सुऱ्यांपेक्षा कथाच अधिक विकल्या जातात. आम्हीही एकदा अशी कथा विकत घेतली. वस्तू होती दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश कमांडोंचा प्रसिद्ध फेअरबर्न-साइक्स सुरा, आणि सोबत होते एक टंकलिखित पत्र. १९ ऑगस्ट १९४२ रोजी दिएपच्या किनाऱ्यावर जो छापा पडला, त्यात हा सुरा एका कमांडोच्या कमरेला होता, असे त्या पत्रात म्हटले होते. पत्राने आम्ही इतके हेलावून गेलो, की सुऱ्याकडे नीट पाहायचे राहूनच गेले.

पाहिले असते तर पाच मिनिटांत उलगडा झाला असता. शांघायच्या पोलीस दलात सेवा केलेले फेअरबर्न आणि साइक्स यांनी १९४० च्या अखेरीस लंडनच्या विल्किन्सन स्वोर्ड कंपनीकडून हा सुरा बनवून घेण्याचे ठरवले आणि १९४१ च्या आरंभी पहिली खेप तयार झाली. त्या पहिल्या घडणीत मुठीखालची आडवी पट्टी नागमोडी आहे. १९४२ मध्ये ती सरळ झाली. आणि युद्धाच्या रेट्यात उत्पादन स्वस्त व जलद व्हावे म्हणून १९४३ च्या उत्तरार्धात मिश्रधातूची ओतीव, आडव्या कड्यांची मूठ आली. आमच्या सुऱ्याची मूठ कड्यांची होती. म्हणजे जो छापा होऊन वर्ष उलटल्यावर ही मूठ जन्माला आली, त्या छाप्यात ती लढून आली होती! विक्रेत्याने जाणून फसवले की तोही कुणाच्या पत्राला भुलला होता, हे कळायला मार्ग नाही. सुरा अस्सल होता; त्याला चिकटवलेले चरित्र तेवढे बनावट होते.

साहित्याच्या अभ्यासकांना हा प्रकार अपरिचित वाटू नये. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत जे भाग सर्व परंपरांच्या पोथ्यांत आढळले नाहीत ते तळटीपांत आणि परिशिष्टांत गेले. त्यांत वाचकांचे लाडके प्रसंगही होते. लोकांना जे हवेहवेसे वाटते तेच पोथीत मागाहून शिरते. पात्यावरही तेच शिरते. फरक इतकाच, की लेखनिकाला बहुधा श्रद्धेपोटी भर घालावीशी वाटे, येथे प्रत्येक प्रक्षेपाला बाजारभाव असतो.

याचे सर्वांत बोलके उदाहरण आम्हाला नाझी पक्षाच्या एस.ए. या निमलष्करी दलाच्या खंजिरात दिसते. तपकिरी मुठीचा हा खंजीर डिसेंबर १९३३ मध्ये दलाच्या गणवेशात दाखल झाला. पात्याच्या एका बाजूस ‘सर्व काही जर्मनीसाठी’ अशा अर्थाचे घोषवाक्य आम्लाने कोरलेले असे. १९३४ च्या फेब्रुवारीत दलप्रमुख एर्न्स्ट र्‍योम याने १९३१ संपण्यापूर्वी भरती झालेल्या जुन्या सैनिकांसाठी विशेष खंजीर काढले. लाखाहून अधिक पात्यांच्या दुसऱ्या बाजूस त्याच्याच हस्ताक्षराबरहुकूम मजकूर कोरला गेला : ‘हार्दिक मैत्रीपूर्वक, एर्न्स्ट र्‍योम.’

ही मैत्री जेमतेम पाच महिने टिकली. ३० जून १९३४ पासून हिटलरने र्‍योम आणि त्याच्या साथीदारांची कत्तल आरंभली. इतिहासात ती ‘लांब सुऱ्यांची रात्र’ म्हणून ओळखली जाते. १ जुलै रोजी म्युनिकच्या श्टाडेलहाइम तुरुंगात र्‍योमला गोळी घातली गेली. त्याच्या जागी आलेल्या व्हिक्टर लुट्झने लगेच फर्मावले, की पात्यांवरून ते नाव नाहीसे करावे. मग सुरू झाली घासाघीस. कुणी चाकावर धरून सारा मजकूर काढला, कुणी हाताने, ओबडधोबड. काहींनी ‘हार्दिक मैत्रीपूर्वक’ हे शब्द तसेच ठेवून तेवढे नाव मिटवले. मैत्री शिल्लक, मित्र गायब! सत्तेने भाषेची केलेली इतकी ढोबळ संपादणी दुसरीकडे क्वचितच हाताने चाचपता येत असेल.

अर्थातच, संपूर्ण मजकुराचे खंजीर दुर्मीळ झाले आणि म्हणून महाग. ईबेने २००१ मध्ये नाझी चिन्हांच्या बहुतेक वस्तूंना मज्जाव केल्यावर हा व्यवहार मुख्यतः विशेष लिलावगृहांच्या संकेतस्थळांवर चालतो, आणि तेथे ‘संपूर्ण र्‍योम’ मिरवणारे खंजीर अधूनमधून झळकतात. त्यांतील काही खरेही असतात. संशय प्रथम घ्यावा तो छायाचित्रांवरून. मजकुराचे चित्र चार कोनांतून असते आणि दुसऱ्या बाजूवरील उत्पादकाच्या शिक्क्याचे एकही नसते, याचा अर्थ काय? पक्षाच्या साहित्य-नियंत्रण खात्याचे, म्हणजे आर.झेड.एम.चे, ‘एम ७’ने सुरू होणारे सांकेतिक क्रमांक पात्यांवर आले ते र्‍योमच्या मृत्यूनंतर. असा क्रमांक आणि र्‍योमची मैत्री एकाच पात्यावर नांदत असतील, तर पाते एका काळचे आणि मैत्री दुसऱ्या काळची. शिवाय कारखान्यातून निघालेल्या पात्यावर रुंदीच्या दिशेने अगदी बारीक आडव्या रेषा असतात. पाते मागाहून घासून आरशासारखे केले की त्या जातात. ‘सुंदर स्थितीतील, चकचकीत’ हे वर्णन म्हणूनच आम्हाला शिफारशीऐवजी कबुलीजबाब वाटते.

विक्रेत्याकडे आम्ही मागतो ते एवढेच : पाते तिरप्या उजेडात धरून एक छायाचित्र. खरवडलेल्या पात्यावर अशा उजेडात कधी कधी एखाद्या अक्षराची शेपटी दिसते, घासलेल्या जागी पाते किंचित खोलगटही जाणवते. हे सांगण्याचे कारण असे, की आता व्रणांचीही नक्कल होऊ लागली आहे. साधा खंजीर घ्यायचा, कोरी बाजू चाकावर धरायची, आणि ‘खरवडलेला र्‍योम’ म्हणून चढ्या भावाने विकायचा! तेथे पुसायला मुळात काही नव्हतेच.

अशा वस्तूंत रस कशाला घ्यायचा, असा प्रश्न आम्हाला विचारला जातो, आणि तो रास्त आहे. त्या दलाविषयी आम्हाला ममत्व नाही. पण प्रत्येक बनावट ‘संपूर्ण’ खंजीर एक विधान करत असतो : एका माणसाने हुकूम मोडला आणि मारल्या गेलेल्या नेत्याचे नाव जपून ठेवले. असा माणूस कधी जन्मलाच नव्हता. त्याची अवज्ञा कुणीतरी कार्यशाळेत बसून आम्लाने कोरली आहे. ज्यांनी मुकाट्याने नाव घासून टाकले ते मात्र हाडामांसाचे होते, आणि त्यांच्या आज्ञाधारकपणाला बाजारात भाव कमी आहे.

दिएपचे ते पत्र आम्ही अजून सुऱ्यासोबतच ठेवले आहे. परवा एका लिलावात हुबेहूब तोच मजकूर दिसला. सुरा निराळा होता, मूठ मात्र कड्यांचीच.