चेंबरमध्ये काय निघालं?

परवा सोसायटीच्या गेटाजवळच्या स्पीडब्रेकरवर गाडी खालून खर्रकन घासली. सकाळी बघते तर पार्किंगमध्ये तेलाचं थारोळं. वर्कशॉपमधून फोन आला, "मॅडम, चेंबर फुटलाय, नवीन टाकावा लागेल." दोन दिवसांनी गाडी आली, बिल आलं, मी पैसे भरले. आत काय निघालं, हे विचारायचं मात्र मला सुचलंच नाही. बाबा असते तर पहिला प्रश्न तोच असता.

इंजिनाच्या तळाशी बोल्टांनी जोडलेली पत्र्याची परात, म्हणजे आपला चेंबर. तेल साठवणं हे तिचं काम. पण इंजिनात जे काही झिजतं ते शेवटी तिथेच येऊन बसतं. त्यामुळे पूर्वी गाडी बाळगायची म्हणजे कधी ना कधी तिच्याखाली झोपणं आलंच.

१९०८ साली आलेल्या फोर्डच्या 'मॉडेल टी'चंच बघा. तिच्यात तेलाचा पंपच नव्हता. फ्लायव्हील फिरताना तेल उडवायचं, त्यातलं थोडं एका नळीतून पुढे यायचं, आणि कनेक्टिंग रॉड चेंबरमधल्या खळग्यांत बुडून ते सगळीकडे शिंपडायचे. तेल किती उरलंय ते बघायला काडीही नव्हती. गाडीखाली सरपटत जाऊन दोन तोट्या उघडून बघायच्या. बेअरिंग म्हणजे मऊ पांढऱ्या धातूचा ओतलेला थर. कथील, अँटिमनी आणि तांबं यांची ही मिश्रणं १८३९ सालच्या आयझॅक बॅबिटच्या नावाने ओळखली जातात. तो थर झिजला की इंजिन खडखडायला लागायचं. मग चेंबरच्या बुडाचं झाकण काढायचं, बेअरिंगची टोपी कानशीनं किंचित घासायची आणि पुन्हा घट्ट बसवायची. अमेरिकेतले शेतकरी हे घरच्या घरी करत.

पुढे दाबाखाली तेल पुरवणारे पंप आले, १९२० च्या दशकात तेलाचे फिल्टर आले, नंतर बदलता येणाऱ्या पातळ बेअरिंगच्या वाट्या आल्या. चेंबर उघडायची वेळ कमी कमी होत गेली.

आपल्याकडे मात्र काळ थांबला होता. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सनं १९६४ च्या सुमारास कुर्ल्याला फियाट ११००डी बनवायला घेतली. इटलीत १९६६ मध्येच तिच्या जागी पुढचं मॉडेल आलं. इथे तीच गाडी १९७४ मध्ये 'पद्मिनी' झाली आणि थेट २००० च्या सुमारास बंद पडली. नव्या गाडीसाठी वर्षानुवर्षं नंबर लावायचा, म्हणून जुनी जगवायची. नमुना तोच राहिल्यामुळे एकदा शिकलेलं पुढे जन्मभर पुरायचं. आज आपण त्याला हौस म्हणतो, पण तेव्हा तो नाइलाज होता.

आमची फियाट सेकंडहँडच होती. १९८६ च्या मे महिन्यात, सांगलीच्या घराच्या अंगणात बाबांनी तिचा चेंबर उघडला. नुसत्या जॅकवर भरवसा ठेवायचा नाही म्हणून खाली जाड लाकडी ओंडके. आधी तेल काढलं, मग कडेचे बोल्ट एकेक करून सोडवले. चेंबर चिकटून बसला होता. पेचकस घालून उचकटला तर कड वाकते, म्हणून लाकडाच्या ठोकळ्यानं हलकेच ठोकत तो सोडवला. माझं काम बॅटरी धरायचं.

रॉकेलनं धुताना तळाच्या काळ्या चिखलात काहीतरी चमकलं. मी आनंदानं ओरडले, "बाबा, चांदी!" बाबांनी बोटावर घेऊन उन्हात धरलं. चंदेरी कण होते, त्यांत काही तांबूसही. म्हणजे बेअरिंगचा वरचा थर संपून खालचं तांबं उघडं पडलं होतं. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. त्या वर्षी आत्याचं लग्न होतं, इंजिनाचं काम काढणं शक्यच नव्हतं. त्यांनी ते कण एका रिकाम्या काडेपेटीत भरले, नवं बुचाचं गॅस्केट लावलं, बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे आवळले आणि गाडी बंद करून टाकली.

दिवाळीनंतर गाडी विकायला काढली. गिऱ्हाईक आलं, चक्कर मारून खूश झालं. पैशांचं बोलणं सुरू झाल्यावर बाबा आत गेले आणि ती काडेपेटी घेऊन आले. किंमत तीन हजारांनी उतरली. आई दोन दिवस बोलत नव्हती. (आत्या, तुझ्या लग्नाचं थोडं देणं तेव्हा बाकी होतं, हे तुला कुणी सांगितलंय का?)

मला तेव्हा बाबांचा रागच आला होता. चेंबर उघडलाच नसता तर सांगायची वेळही आली नसती, असं मी म्हणालेसुद्धा. बाबा नुसते हसले.

आता माझी गाडी विकायची वेळ येईल तेव्हा मला काही लपवावं लागणार नाही. कारण मला काही ठाऊकच नाही.

असो. उद्या वर्कशॉपला फोन करून विचारते, काय निघालं होतं ते.