ग्रामीण ब्रॉडबँड, भारतातील

खेड्यापाड्यांतील घरे, शाळा व कार्यालये यांना परवडणाऱ्या दरात वेगवान इंटरनेट पुरवण्याची व्यवस्था. ब्रॉडबँड कशाला म्हणायचे, याची सरकारी व्याख्या दोनदा बदलली : २००४ च्या धोरणात सेकंदाला २५६ किलोबिट वेग पुरेसा मानला होता, २०१३ मध्ये ही मर्यादा ५१२ किलोबिट आणि २०२३ मध्ये २ मेगाबिट झाली.

दर : २०१४ मध्ये एक जीबी डेटाला सरासरी सुमारे २६९ रुपये पडत. सप्टेंबर २०१६ मध्ये रिलायन्स जिओ बाजारात उतरली, पहिले काही महिने तिने सेवा फुकट दिली आणि त्यानंतरच्या चढाओढीत हा दर दहा-बारा रुपयांच्या घरात आला. जगातील सर्वांत स्वस्त डेटा भारतात, हे वाक्य तेव्हापासून भाषणांत कायमचे झाले. ते फारसे चुकीचे नाही, पण अपुरे आहे. गिऱ्हाईक जीबी विकत घेत नाही, रिचार्ज मारते. बहुतेक पॅकची मुदत २८ दिवसांची, म्हणजे वर्षाचे बारा नव्हे तर तेरा रिचार्ज. जुलै २०२४ च्या दरवाढीत रोज दीड जीबी देणारा जिओचा २३९ रुपयांचा पॅक २९९ रुपयांवर गेला. चार फोनांच्या घराला एका खेपेला जवळपास १,२०० रुपये लागू लागले. बटणांचा साधा फोन वापरणाऱ्यांच्या गळ्यातही नको असलेला डेटा पडे. केवळ कॉल व एसएमएसचे वेगळे पॅक ठेवण्याचा आदेश भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने (ट्राय) डिसेंबर २०२४ मध्ये काढला.

भारतनेट : ऑक्टोबर २०११ मध्ये केंद्राने राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर जाळ्याला मंजुरी दिली. अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेऊन प्रत्येकीला १०० मेगाबिट वेग द्यायचा, अशी ही योजना. पुढे तिचे नाव भारतनेट झाले. मूळ मुदत २०१३ ची होती. प्रत्यक्षात पहिल्या टप्प्यातील एक लाख ग्रामपंचायती पूर्ण झाल्याचे जाहीर व्हायला २०१७ चा डिसेंबर उजाडला. खर्चाचा भार सार्वत्रिक सेवा निधीवर होता. कंपन्यांच्या महसुलातील ५ टक्के वाटा या निधीसाठी घेतला जाई. गोळा झालेली मोठी रक्कम मात्र वर्षानुवर्षे खर्चाविना राही.

योजनेची खरी दुखणी आराखड्यातच होती. तालुक्यापासून ग्रामपंचायतीपर्यंत फायबरची एकच सरळ वाट. मध्ये कुठे रस्तारुंदीकरणाच्या जेसीबीने ती तोडली की पुढची सगळी गावे बंद. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर यंत्राची पेटी बसवली जाई. कार्यालयाला कुलूप असले किंवा वीज गेलेली असली आणि बॅटरी उतरलेली असली, की कागदोपत्री ‘जोडलेले’ गाव प्रत्यक्षात तुटलेलेच. आणि पेटीपासून घरापर्यंतचे शेवटचे काही शे मीटर कोणी जोडायचे, हे काम मूळ योजनेने इतरांवर सोडले होते. खासगी कंपन्यांना विरळ वस्तीत धंदा दिसेना. जिथे स्थानिक केबलवाल्याने पुढाकार घेतला तिथे जोडण्या झाल्या. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या १,३९,५७९ कोटी रुपयांच्या सुधारित योजनेत सरळ वाटेऐवजी वर्तुळाकार जोडणी आली, म्हणजे एका बाजूने फायबर तुटले तरी दुसऱ्या बाजूने सेवा चालू राहते. दहा वर्षांची देखभालही कंत्राटात घातली गेली. मुळात पुढे ढकललेला खर्चच हा.

महाराष्ट्रात दुसऱ्या टप्प्याचा काही भाग राज्य सरकारने ‘महानेट’ या नावाने स्वतः उचलला. मेळघाट, गडचिरोली, नंदुरबारमधील धडगाव-अक्कलकुवा अशा भागांत फायबरआधी मोबाइलची रेंजच मुश्किलीने मिळते : पाडे विखुरलेले, वीज बेभरवशाची, टॉवरसाठी वनखात्याची परवानगी. महामारीत ऑनलाइन वर्गासाठी मुले टेकडीवर जाऊन बसत. अशा गावांपर्यंत ४जी नेण्यासाठी केंद्राने जुलै २०२२ मध्ये २६,३१६ कोटी रुपये मंजूर केले. २४,६८० गावांचे हे काम सरकारी कंपनी बीएसएनएलकडे आहे.

कंपन्यांची स्थिती : ऑक्टोबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, सरकारचा वाटा ज्यावर ठरतो त्या महसुलाची सरकारची व्यापक व्याख्या ग्राह्य धरली आणि जुन्या कंपन्यांवर प्रचंड थकबाकी आली. डझनभर स्पर्धकांच्या जागी तीन खासगी कंपन्या व बीएसएनएल एवढेच उरले. त्यांतील व्होडाफोन आयडियाच्या देण्याचे समभागांत रूपांतर होऊन २०२५ मध्ये जवळपास ४९ टक्के मालकी सरकारकडे आली.